एक हात घोड्यावर

जगातल्या सगळ्या जत्रा, उरूस, मोर्चे आणि लग्नं माझ्या मामांच्या ताब्यात दिली, तर पृथ्वीच्या पाठीवर एकही मूल हरवणार नाही, असं मी जबाबदारीने लिहिते. मी शहाद्याला पत्रकं काढते. 'जबाबदारीने' हा शब्द आम्ही पत्रकांत फार स्वस्तात वापरतो, हे मला ठाऊक आहे; पण इथे तो पूर्ण वजनाने घ्यावा. मूल हरवणार नाही. मोठी माणसं हरवतील, आणि हरवावीतच, कारण मामांचा सिद्धांतच तो आहे. "पोरं हारपत नईत," मामा म्हणतात, "पोरं जठे ऱ्हातस तठेच ऱ्हातस. मोठला मानसं हारपतस." फुग्यांपाशी रेंगाळलेलं पोर फुग्यांपाशीच असतं, त्याला सोडून भजी खायला पुढे गेलेला बाप हरवलेला असतो. भोंग्यावरून मात्र नेहमी पोराचंच नाव पुकारतात. एवढा उघडा अन्याय कुणाच्या लक्षात येत नाही म्हणून मामांना संताप येतो, आणि मामा संतापले की मला त्यांची फार माया येते.

मामा म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ, तापीकाठचे केळीवाले. अंगाने शिडशिडीत, उंचीने असे की बागेतून चालताना त्यांची टोपी केळीच्या पानांना घासते. त्यांच्या प्रत्येक सदऱ्याच्या उजव्या खांद्यावर काळपट डाग आहे. केळीचा चीक एकदा कापडाला लागला की निघत नाही, आणि मामा घड वाहायला मजूर असले तरी एखादा घड स्वतः उचलल्याशिवाय राहत नाहीत. त्यामुळे रोजचे सदरे सोडाच, लग्नातला रेशमी सदराही डागाळलेला. मामी होत्या तेव्हा म्हणायच्या, की ह्या माणसाला मी गर्दीत चेहऱ्यावरून नाही, खांद्यावरून ओळखते. वर्षभर त्या खांद्यावर केळीचे घड बसतात, आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरली की हरवलेली पोरं बसतात.

ही यात्रा ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते: दत्ताचं देऊळ, शेजारी तापी, आणि दूरदूरच्या मुलखांतून आलेल्या घोड्यांचा बाजार. धूळ, पाळणे, तमाशाचे तंबू, गोडी शेवेचे ढीग, आणि माणसं इतकी की आपलेच पाय आपल्याला दिसत नाहीत. अशा ठिकाणी हरवलेल्या मुलांसाठी एक मंडप असावा अशी मी मागणी केली होती. एक मंडप, एक पाण्याचा माठ, एक जागं माणूस. निवेदन दिलं, पत्रकं वाटली, ज्यांच्या हातात होतं त्यांना गाठलं. सगळीकडून एकच उत्तर मिळालं: "बघू." मला ह्या शब्दाची चीड आहे. ह्या जिल्ह्यात निम्मी कामं 'नाही' म्हटल्याने अडत नाहीत, 'बघू' म्हटल्याने अडतात. तर ह्या 'बघू'च्या काळात मामांचा उजवा खांदा हाच आमच्या यात्रेचा मंडप आहे. रडणारं पोर दिसलं की मामा त्याचं नाव विचारत नाहीत, गाव विचारत नाहीत. उचलतात आणि खांद्यावर ठेवतात. "माय नाव ऐकत नई, माय देखस," हे त्यांचं त्यामागचं शास्त्र. मग ते घोडेबाजारातून, पाळण्यांखालून, देवळाच्या पायऱ्यांपर्यंत चालत सुटतात आणि ज्या आवाजाने बागेतली रानडुकरं हाकलतात त्याच आवाजात ओरडतात, "कोनं पोर शे हाई? देखा वं माय, कोनं पोर शे?" ते पोर दचकून रडायचं थांबतं, आणि आईला लांबून गर्दीवर तरंगत येणारं आपलं लेकरू दिसतं.

पण आई-बाप आले म्हणून पोर हाती लागलं असं समजू नये. मामा आधी परीक्षा घेतात. प्रश्न एकच: "पोरना सदराना रंग कोनता?" आया पटकन सांगतात, बटण कुठलं तुटलंय तेही सांगतात. बाप नापास होतात. मी अनेक वर्षं उभी राहून पाहिलंय, बाप नापास होतात, आणि स्त्री-पुरुष समतेवर मी आजवर जेवढी भाषणं ठोकली त्या सगळ्यांपेक्षा मामांचा हा एक प्रश्न जास्त लागतो. एकदा गळ्यात जाड साखळी घातलेले एक पुढारी आपला मुलगा घ्यायला आले. नुकताच त्यांनी घोडा खरेदी केला होता, लगाम त्यांच्याच हातात. मामांनी रंग विचारला. ते म्हणाले, "मी कोण आहे माहीत आहे का?" मामा म्हणाले, "तुम्ही कोन शेतस ते सोडा. तुमले घोडाना रंग माहीत शे, पोरना सदराना नई?" आणि पोराची आई येईपर्यंत मामा त्याला खांद्यावर घेऊन तसेच उभे राहिले. पुढारीही उभे राहिले. घोडासुद्धा उभा राहिला. खायला मात्र मामा सापडलेल्या पोराला काही देत नाहीत. पूर्वी देत. एका पोराला त्यांनी पुडाभर गोडी शेव घेऊन दिली, तेव्हा ते आई-बाप आल्यावर मामांच्या मानेला मिठी मारून बसलं आणि मला ह्याच बाबांकडे राहायचंय म्हणालं. तेव्हापासून शेव बंद.

मामांचं दुसरं वेड म्हणजे डोकी मोजणं. एसटीत चढले की मोजतात, दशक्रियेला गेले की मोजतात. कोरीटला एका लग्नात ऐन मंगलाष्टकांत ते उठून म्हणाले, "थांबा, एक पोर कमी शे." भटजींनी हातातल्या अक्षता तशाच धरून मामांकडे असं पाहिलं की काही विचारू नका. पण पोर खरोखर कमी होतं. नवरदेवाचा पुतण्या गुंडाळून ठेवलेल्या सतरंजीच्या पोकळीत शिरून झोपला होता, आणि ती सतरंजी मांडववाल्यांच्या टेम्पोत चढत होती. त्या घरात आजही नवरानवरीच्या आधी मामांना जेवायला वाढतात.

तिसरी गोष्ट घोड्याची. आमच्या घरातल्या प्रत्येक मुलाला बाराखडीच्या आधी मामांनी हे पाठ करून घेतलं आहे: "रडानं नई, पयानं नई. घोडाजोडे उभं ऱ्हावानं. एक हात घोडावर, एक हात वर." म्हणजे गर्दीत एकटं पडलं तर रडत पळत सुटायचं नाही, जवळचा बांधलेला घोडा गाठायचा, मागून नाही, मानेकडून, एक हात त्याच्या मानेवर ठेवायचा आणि दुसरा उंच धरायचा, लांबून दिसेल असा. मी लहान असताना त्यांना विचारलं होतं, घोड्याजवळच का, देवाजवळ का नाही? मामा म्हणाले, "देवजोडे गर्दी ऱ्हास. आनि पोरले सोडीसन बाप जास, पन घोडाले सोडीसन मालक जात नई." तेव्हा मी हसले होते.

आणि चौथी गोष्ट दावं, ज्यावरून पुढचं सगळं घडलं. दावं म्हणजे वासराला बांधायची दोरी. मामा यात्रेला निघताना जुन्या लुगड्याच्या काठांचं दावं वळत. एक टोक स्वतःच्या कमरेला, दुसरं त्यांच्या एकुलत्या लेकीच्या, म्हणजे आमच्या ताईच्या कमरेला. आठवीपर्यंत. ताई लोणखेड्याच्या बाजूला शाळेत जायची, त्या शाळेची सगळी पोरं यात्रेत यायची आणि ताईला बघून "हम्मा" करायची. ताईने दात-ओठ खाऊन अभ्यास केला, पुण्याला गेली, तिथून जपानला गेली, तिथेच नोकरी, तिथेच संसार, दोन पोरं. मी तिला एकदा म्हटलं, तू इतकी लांब कशी गेलीस गं? ती म्हणाली, "दोरी जिथपर्यंत पोहोचणार नाही तिथपर्यंत जायचं होतं."

मामी गेल्यानंतर ताईने मामांना महिनाभरासाठी बोलावलं. एकटे ते विमानात बसणार नाहीत म्हणून माझंही तिकीट काढलं. (आमच्या संघटनेतल्या मंडळींनी "मॅडम आता परदेश दौऱ्यावर" म्हणून मला पुरेसं चिडवून घेतलं आहे, अजून कुणाचं राहिलं असेल तर त्यांनी थेट बोलावं.) विमानात मामांनी डोकी मोजली आणि मागच्या रांगेत एक बाळ वाढलं असल्याचं हवाईसुंदरीच्या कानावर घातलं. ते बाळ आईच्या शालीत झोपलेलं होतं. हवाईसुंदरीने त्यांना पाणी दिलं.

मामांना जपानकडून काही नको होतं. टीव्ही नको, घड्याळ नको, डोंगर नको. थोरली पहिलीत, धाकटा बालवाडीत. ह्या दोघांनी डिसेंबरच्या सुट्टीत सारंगखेड्याला यावं, एवढं एकच त्यांचं मागणं होतं. ताई तयार नव्हती. तिच्या डोळ्यांपुढे दावं होतं, "हम्मा" होतं. रोज रात्री जेवताना हा विषय निघायचा आणि ताटातल्या भातासारखा गार होऊन तसाच राहायचा. शेवटी एके दिवशी ताई म्हणाली, "रविवारी नाराला जाऊ. मोठं जुनं देऊळ आहे, गर्दी असते. पोरं दिवसभर तुमच्याकडे. पण दोरी नाही, ओरडणं नाही, कुणाला खांद्यावर घेणं नाही. नीट सांभाळलीत तर डिसेंबरचं बघू." 'बघू' ऐकताच माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली; पण मामा खुशीत आले. त्या आठवड्यात ताई कामावर गेली की मामांनी दिवाणखान्यात यात्रा भरवली. सोफा म्हणजे घोडा. मामा म्हणजे गर्दी. पोरं मामांच्या पायांतून वाट काढत सोफ्याला जाऊन चिकटायची आणि एक हात वर करून जपानी हेलात म्हणायची, "घोडाजोडे उभं ऱ्हावानं!" मराठीची दोन वाक्यं सलग न बोलणारी ती पोरं आठवड्यात अहिराणी बोलायला लागली, आणि ताईला वाटत होतं की आजोबा पोरांना गोष्टी सांगतायत.

रविवार उजाडला. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर हरणंच हरणं, मोकाट, माणसांच्या हातून बिस्किटं खाणारी. मामांना ती आवडली नाहीत. "खूण फिरती नको," एवढंच म्हणाले. महाद्वारात दोन्ही बाजूंना लाकडाचे दोन प्रचंड द्वारपाल, डोळे वटारलेले, अंगाच्या शिरा तट्ट फुगलेल्या. धाकटा घाबरून मामांच्या धोतराला बिलगला. मामांनी द्वारपालांना नीट न्याहाळलं आणि नातवाला म्हणाले, "भ्यावानं नई. हाऊ बी कोनं तरी पोर धुंडी ऱ्हायना." त्यानंतर धाकट्याने त्या दोघांना हात हलवून दाखवला. ताई आणि मी तिकिटांच्या रांगेत उभ्या राहिलो, आणि मामा पोरांना घेऊन अंगणात गेले.

आत ते देऊळ म्हणजे लाकडाचा डोंगर आहे. मी देवळांबद्दल सहसा चांगलं बोलत नाही, दानपेट्या पाहिल्या की माझं डोकं फिरतं. पण त्या कमानीखाली माझंही तोंड गप्प झालं. अंधारात काशाचा अजस्र बुद्ध बसलेला, डावा तळहात मांडीवर पसरलेला, उजवा हात वर, तळवा समोर. पुस्तकी माणसं त्या हाताचा अर्थ अभय असा सांगतात. मामा बराच वेळ मान वर करून उभे होते. मग त्यांनी दोन्ही पोरांना पुढे ओढलं. "देखा. देवबी हात वर करीसन बठेल शे. इतला मोठा शे, तरी हात वर. दूरथीन दिसाले पाह्यजे." थोरलीने लगेच आपला हात वर केला. धाकट्यानेही. मामांनीही. त्या तिघांकडे पाहून एका परदेशी पाहुण्याने, हीच इथली रीत असावी असं समजून, आपलाही हात वर केला. ताई दुसरीकडे बघत राहिली, पण हसत होती. मला वाटलं, डिसेंबर पक्का झाला.

बाहेर आलो आणि समोरून जे आलं ते मी जन्मात विसरणार नाही. कुठल्याशा बालवाडीची सहल. पिवळ्या टोप्या घातलेली बोटाएवढी पोरं, आणि त्यांच्या मधोमध एक लांब दोरी, दोरीला कड्या, प्रत्येक पोराने एकेक कडी धरलेली. पुढे एक बाई, मागे एक बाई, आणि ती पिवळी माळ लुटुलुटु चाललेली. मामा थिजले. मग त्यांनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला. "दावं! देख पोरी, आठे बी दावं शे!" ताईच्या तोंडाकडे बघवेना. सगळं आयुष्य ज्या दोरीपासून ती पळाली, ती दोरी तिच्याआधीच जपानला येऊन बसली होती. मामांनी मात्र लेकीला टोमणा मारला नाही. ते तेव्हा मोजत होते. "एक कडी रिकामी शे," ते म्हणाले. आवाजातला आनंद क्षणात गेला होता.

आम्ही काही म्हणायच्या आत ते निघाले. झाडाखाली हरणांच्या घोळक्यात एक पिवळी टोपी होती. त्या पोराने हरणाच्या तोंडात नकाशा दिला होता आणि आता हरीण त्याची बाही खात होतं. मामांनी हरणाला कोपर मारलं, पोराला उचललं, उजव्या खांद्यावर बसवलं, आणि नारा गावाच्या त्या शांत, कुजबुजत्या, शतकानुशतकांच्या अंगणात रानडुकरं हाकलायचा आवाज घुमला: "कोनं पोर शे हाई? देखा वं माय, कोनं पोर शे?"

पुढचं विचारू नका. पोर किंचाळलं. दोन्ही बाया धावत आल्या. एक पहारेकरी आला, तो इतका नम्र होता की जास्तच भीती वाटली. लोक थांबले, पण कुणी बघतंय असं दाखवेना, हे आणखी वाईट. ताई कमरेतून वाकून वाकून माफी मागत होती, तिचे कान लाल झाले होते. आणि मामा? मामा पोर द्यायला तयार नाहीत. "तिले इचार, पोरना टोपीना रंग कोनता?" ताई दात आवळून म्हणाली, "पप्पा, सगळ्यांच्याच टोप्या पिवळ्या आहेत!" मामांनी पाहिलं. पिवळ्याच होत्या. आयुष्यात पहिल्यांदा त्यांची परीक्षा निकामी ठरली. ते क्षणभर गोंधळले. पण तेवढ्यात बाईंना पाहताच पोराने दोन्ही हात पुढे केले, आणि ते उत्तर मामांना पटलं. त्यांनी पोर खाली ठेवलं. बाईंनी रिकामी कडी पाहिली आणि मामांना वाकून नमस्कार केला. मामांनी हात जोडले. पहारेकऱ्यानेही वाकून नमस्कार केला. सगळं जागच्या जागी बसतंय असं वाटेतो ताई म्हणाली, "आपली पोरं कुठायत?"

आपली पोरं नव्हती.

मी ताईला कधी तसं पाहिलं नव्हतं. ती देवळाकडे धावली, परत आली, फाटकाकडे धावली. तिला जपानी सुचेना, मराठी सुचेना. मामांजवळ येऊन ती अहिराणीतच ओरडली, "पप्पा, हाई सारंगखेडा नई शे! दुसराना पोरं उचलतस आनि आपला..." मामांचा चेहरा पिकून गळायला आलेल्या केळीच्या पानासारखा झाला होता. ते एवढंच म्हणाले, "घोडाजोडे देख." ताई म्हणाली, "इथे घोडा कुठाय? इथे हरणं आहेत!" मामा उत्तर द्यायला थांबले नाहीत. धोतराचा सोगा धरून ते अंगणाच्या कडेने पळत सुटले आणि आम्ही त्यांच्या मागे.

देवळाच्या बाजूला एक लाकडी चौकट होती, तिच्यावर टांगलेल्या शेकडो छोट्या पाट्या. तिथले लोक त्या पाटीच्या मागे आपलं मागणं लिहितात आणि देवापाशी अडकवून जातात. प्रत्येक पाटीवर एकच चित्र रंगवलेलं होतं: घोडा. आम्ही तिकिटं काढत होतो तेव्हा मामांनी ही चौकट शोधून पोरांना दाखवून ठेवली होती. आमच्या सातपुड्यात डोंगरातली माणसं देवाला मातीचे घोडे वाहतात, त्यामुळे देवाच्या दारात घोडे असणारच ह्याबद्दल मामांना शंका नव्हती. ते फक्त कुठे आहेत एवढं त्यांना बघायचं होतं. आणि त्या लाकडी घोड्यांच्या कळपापुढे थोरली आणि धाकटा उभे होते. रडत नव्हते. पळत नव्हते. एकेक हात पाटीवरच्या घोड्यावर, एकेक हात वर.

ताई जाऊन गुडघ्यांवर कोसळली आणि दोघांना कवटाळलं. थोरली तिच्या खांद्यावरून शांतपणे म्हणाली, "मम्मी, तू हारपनी व्हती. आम्ही आठेच व्हतूत."

नंतर आम्ही एका बाकावर बसलो. पोरं हरणांना बिस्किटं देत होती. ताईचा राग अजून उतरला नव्हता. भीती उतरली की राग उरतोच. ती म्हणाली, "पप्पा, माझं सगळं लहानपण तुम्ही दोरीला बांधलंत. का?" मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांनी जे सांगितलं ते मी आजवर ऐकलं नव्हतं, ताईने नव्हतं, आणि मला वाटतं मामींनीही ऐकलं नसावं. ते लहान असताना भावंडांनी भरलेली बैलगाडी सारंगखेड्याच्या यात्रेहून परत निघाली, आणि ते मागे राहिले. एका व्यापाऱ्याची पांढरी घोडी खुंट्याला बांधलेली होती, तिच्याजवळ जाऊन उभे राहिले, कारण तिथून कुणी हलत नव्हतं. व्यापाऱ्याने भाकरी दिली, घोंगडी दिली. सकाळी बाप आला. "माले वाटनं, बाप माले धुंडत उना," मामा म्हणाले. "तो उना व्हता बैलले दावं लेवाले. जुनं तुटनं व्हतं. माले देखीसन म्हने, तू आठे काय करी ऱ्हायना?"

आणि मामा हसले. खरंच हसले, जशी ही जगातली सगळ्यात मोठी गंमत असावी. "घरमा इतला पोरं, कोनी मोजेलच नव्हतात. माले कोनी धुंडतच नव्हतं."

एक हरीण येऊन मामांच्या टोपीचा वास घेऊ लागलं, तर ताईने ते हाताने बाजूला सारलं आणि टोपी झटकून त्यांच्या डोक्यावर ठेवली. परतीच्या गाडीत मामा झोपले तेव्हा ती मला म्हणाली, "डिसेंबरची तिकिटं आत्ताच काढायला हवीत ना?" ह्यावेळी ती 'बघू' म्हणाली नाही.

गेल्या दत्तजयंतीला ती पोरं आली. मंडप अजूनही झाला नाही, हे ज्यांच्या हातात आहे त्यांना मी इथेही सांगून ठेवते. मामांनी दावं वळलं नाही. ताईने आणलेल्या दोन पिवळ्या टोप्या पोरांच्या डोक्यावर होत्या आणि मामा त्या टोप्यांकडे नव्या वाणाच्या रोपाकडे पाहावं तसे पाहत होते. पण मामा आता थकलेत. डोकी मोजताना मध्येच थांबतात, पहिल्यापासून सुरू करतात. गोडी शेव घेऊन आम्ही वळलो तर पोरं दोन्ही होती, आणि मामा नव्हते.

मी भोंग्याकडे निघाले होते. ताईने मला थांबवलं. तिने धाकट्याला उचललं, उजव्या खांद्यावर बसवलं, आणि ती, जी जपानमध्ये फोनवरही दबक्या आवाजात बोलते, घोडेबाजाराच्या गर्दीत शिरली. धाकटा वरून बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "कोना आबा शे? देखा वं माय, कोना आबा शे?" लोक हसून वाट देत होते. थोरली पुढे पळत होती, आणि कुठे जायचं हे तिला विचारावं लागलं नाही.

बाजाराच्या टोकाला एक पांढरी घोडी बांधलेली होती. मामा तिच्या मानेकडून उभे होते. खरंच वाट चुकले होते, की मुद्दाम तिथे जाऊन उभे राहिले होते, हे मी त्यांना विचारलं नाही आणि विचारणारही नाही. सदऱ्याच्या खांद्यावर चिकाचा डाग, एक हात घोडीवर, एक हात वर. गर्दीवर तरंगत येणारा नातू त्यांना लांबूनच दिसला असणार, पण आम्ही अगदी जवळ येईपर्यंत त्यांनी तो हात खाली घेतला नाही.

"येळ लागना तुमले," ते म्हणाले. मग हळूच ताईला विचारलं, "मन्हा सदराना रंग कोनता?"

ताईने डोळे मिटले आणि न बघता सांगितला.